पोटातून नेलेला घास

कोळसा जाळायचा आणि मागं राख किती उरली ते वजन करून लिहायचं, ही माझी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी. उरलेल्यावरून आधी काय होतं ते ओळखायची सवय तिथंच लागली आणि त्यातूनच मला लांडग्याच्या विष्ठेचा नाद लागला असावा. बायको म्हणते, नाद आधीचाच, नोकरी नुसतं निमित्त. विष्ठा उन्हात वाळवायची, धुवायची, चाळायची आणि भिंगाखाली धरून बघायचं की या गड्यानं चार दिवसांत काय काय खाल्लं. केस, दात, हाडाच्या चिपा, बिया. लांडगा काय खातो ते पुस्तकात असतंच, पण आपल्या सिन्नरच्या माळावरचा लांडगा काय खातो ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मी बोलका माणूस आहे. कुणी नुसतं ‘काय म्हणता’ विचारलं तरी मी अर्धा तास म्हणत राहतो. तरीही माळावरच्या या सहा दिवसांबद्दल मी घरी किंवा ऑफिसात धड कधी बोललो नाही, कारण जे झालं ते माझ्या तोंडामुळंच झालं. त्या माळावर कधी न गेलेल्यांना तो माळ दिसावा म्हणून हे लिहितो आहे, आणि थोडी स्वतःची खरडपट्टी काढावी म्हणूनही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सिन्नरच्या पूर्वेला, जीपनं तासाभरावर, एवढं पुरे.

पहिला दिवस : टपरी आणि माळ

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सिन्नरहून निघालेल्या जीपमध्ये माझ्या मांडीवर एक अनोळखी कोंबडी बसून आली, एवढं सांगितलं की प्रवासाचं संपलं. उतरलो तिथं रंगनाथची चहाची टपरी. रंगनाथ तिशीचा, हसरा, गावात उतरणाऱ्या प्रत्येकाची पिशवी धावत येऊन उचलणारा माणूस. टपरीमागं त्याच्या दोन शेळ्या बांधलेल्या होत्या आणि चहाला दूध त्यांचंच. एकीचं नाव मोगरा, दुसरीचं शेवंती. माझ्या हातात कप देताना त्यानं दोघींची ओळख घरच्या माणसांसारखी करून दिली.

म्हाळूबाबा तिथंच बाकावर माझी वाट बघत बसले होते. साठी ओलांडलेले धनगर. पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, पण गुडघ्यानं दगा दिल्यापासून चाळीसेक मेंढ्या घेऊन माळावरच राहत होते. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं मी त्यांच्याकडे आलो होतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे विचारलं, “नाशकावरून गू गोळा कराया आलात म्हणं?” बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो आणि लगेच माझ्या कामाचं महत्त्व सांगायला लागलो. बाबांनी ते पुरतं ऐकून घेतलं नाही, ते उठून चालायलाच लागले.

माझं मूळ गाव इगतपुरीकडचं. तिथं चार महिने पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही आणि उरलेले आठ महिने डोंगर नजर अडवतात. इथं अडवायला काहीच नाही. पिवळं कुसळी गवत, मधूनमधून बोरीची नि हिवराची झाडं, एखादा कोरडा ओढा, आणि वारा. मोजे काढून कुसळं वेचता वेचता माझी दुपार गेली. आमच्याकडे वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, गोडाचा नैवेद्य दाखवतात, म्हणजे त्यानं वर्षभर गुरांकडे बघू नये. इथं लांडग्याला असं काही करता का, असं मी बाबांना विचारलं. नैवेद्य कशाला दाखवायचा, त्याचा तो घेऊन जातो की, असं ते म्हणाले. लांडग्यानं मेंढरू धरलं तर हाकलायचं, ओरडायचं, दगड मारायचा. पण एकदा त्यानं ते पाडलं की मग ते त्याचं. त्याच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही, उरलेलं उचलून आणायचं नाही, कातडंसुद्धा नाही. बाबांच्या आज्याच्या आधीपासून हे असंच चालत आलं होतं.

पूर्वी या माळावर लांडग्यांचे चार-पाच कळप होते. कालवे आले, विहिरी झाल्या, माळ नांगरला गेला आणि लांडगे सरले. त्या वर्षी एकच जोडी उरली होती, आणि तिला पिल्लं झाली होती. बाबा हे सांगताना हळू बोलत होते. मी वही काढून लिहून घेतलं.

दुसरा दिवस : गाळणी

सकाळी ओढ्याच्या काठानं सात ठिकाणी विष्ठा सापडली. लांडगा ती उंचवट्यावर, दगडावर, चारजणांना दिसेल अशी ठेवतो, त्यामुळं शोधायला त्रास नाही. मी उतरलो होतो त्या बाबांच्या खोपटाजवळ येऊन धुवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की बारीक चाळणी मी एकलहऱ्यालाच विसरून आलो आहे. सगुणामावशी, म्हणजे बाबांच्या कारभारीण, पाण्याला गेल्या होत्या. चुलीपाशी एक गाळणी टांगलेली दिसली. ती घेतली, काम झाल्यावर राखेनं तीनदा घासून जागच्या जागी टांगली आणि गप्प बसलो.

काय सापडलं ते सांगतो. सशाचे मऊ केस. शेतातल्या उंदरांचे दात, पिवळे, तांदळाच्या कणीएवढे. भुंगेऱ्यांचे चकाकते पंख. मेंढीची लोकर होती, पण मला वाटलं होतं त्याहून खूप कमी. आणि बोरांच्या बिया. एका विष्ठेत तर बियाच बिया. लांडगा बोरीखाली उभा राहून बोरं खातो हे वाचलेलं होतं, पण हातात बिया आल्यावर जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मी बाबांना बोलावून दाखवल्या. ते म्हणाले, त्यात काय, संक्रांतीला समदेच खातात.

दुपारी चहा झाला आणि माझा आनंद मला आवरेना. मी मावशींना सगळं सांगत सुटलो आणि बोलण्याच्या भरात गाळणीचंही बोलून गेलो. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वीस वर्षांत त्यांनी मटण सोडा, अंड्यालाही हात लावला नव्हता. बाबांना कधी खायचं झालंच तर ते बाहेर तीन दगडांवर वेगळं रांधायचे. मावशींनी हातातला कप खाली ठेवला, गाळणी उचलली आणि दूर बाभळीपलीकडे भिरकावून दिली. मग माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून एवढ्या हसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे चार दिवस चहा लुगड्याच्या फडक्यातून गाळला. नवी गाळणी घेऊन येईन, मी म्हणालो. रात्री त्यांनी मला हुलग्याचे शेंगोळे वाढले, तेही दोनदा.

तिसरा दिवस : घास

सकाळी ऊन तापायच्या आत कळप ओढ्याकडे उतरत होता. एक लंगडी मेंढी मागं राहिली. लांडगा कुठून आला ते मी बघितलंच नाही. बाबा ओरडले, काठी आपटली, दगड भिरकावला. तोवर मेंढी पडली होती. बाबा थांबले, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि कळप फिरवून दुसऱ्या बाजूला घेऊन गेले. मला म्हणाले, बसा बोरीत, हलू नका, बघायचं ते बघून घ्या.

मी बोरीच्या जाळीत दीड तास बसलो. लांडगा बराच वेळ नुसता इकडेतिकडे बघत होता. मग त्यानं कुशीकडून पोट फाडलं. आतड्यांपाशी आला तेव्हा चाऱ्यानं भरलेली पोटाची पिशवी ओढून बाजूला टाकली आणि तिला तोंडही लावलं नाही. काळीज, फुप्फुस, मग मांडीचं मांस. तो चावत फारसं नव्हता, गिळत होता. थोड्या वेळानं मादी आली. तिच्यासाठी तो बाजूला सरकला आणि बसून राहिला. वरून घारी फिरत होत्या, कावळे एकेक पाऊल पुढं सरकत होते. शेवटी नराचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं आणि तो जड चालीनं ओढ्याकडे निघाला.

तेव्हा बाबा परत आले. त्यांनी मला ओढ्याच्या अलीकडच्या दरडीवर नेलं, पण आधी खाली बसवून सांगितलं, “साहेब, मी घर दाखवतो. पण हे घर कुणाला सांगायचं नाय. आमी पोटच्या पोरालाबी सांगत नाय.” मी गळ्याला हात लावून शब्द दिला.

पलीकडच्या दरडीत बीळ होतं. नर तिथं पोचला आणि आतून तीन पिल्लं धडपडत बाहेर आली. ती त्याच्या तोंडाला झोंबली, ओठांचे कोपरे चाटायला लागली. त्यानं मान खाली घातली आणि पोटातून आणलेलं सगळं मांस त्यांच्यासमोर ओकून टाकलं. वाफ येत होती. दोन मोठी पिल्लं त्यावर तुटून पडली. तिसरं बारकं होतं, काळपट कानांचं. ते पुढं आलं की मोठी दोघं गुरगुरून त्याला ढकलून द्यायची. घास संपला तेव्हा ते ओल्या मातीचा वास घेत फिरत होतं. आईबापाच्या पोटातून आलेलं अन्न बघून मला किळस यायला हवी होती, पण मला माझ्या आईनं घास चावून मऊ करून धाकट्या भावाला भरवलेला आठवला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती आणि अजूनही आहे.

चौथा दिवस : टपरीवरचं शहाणपण

दुसऱ्या दिवशी विड्या आणायला बाबांबरोबर गावात गेलो. बाबा दुकानात थांबले, मी पुढं टपरीवर. रंगनाथ बाकावर मान खाली घालून बसला होता. सकाळी ओढ्याच्या अंगाला लांडग्यानं मोगरा मारली होती. त्यानं अर्धवट खाऊन टाकलेली शेळी तशीच पडली होती, रंगनाथ ती पुरायला निघाला होता. पाच-सहा माणसं जमली होती. कुणी म्हणत होतं, आज शेळी उचलली, उद्या पोरगं उचलंल. मग रंगनाथनं मला सरळ विचारलं, लांडगे राहतात कुठं.

मी सांगितलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. शब्द पाळतो आहे या खुशीत मी छाती काढून बसलो आणि लांडग्याची बाजू मांडायला लागलो. खिशातून कागदाची पुडी काढून उंदरांचे दात दाखवले, बोरांच्या बिया दाखवल्या. बघा, तुमच्या शेतातले उंदीर कोण खातं ते. तो उगाच मारत नाही. घरी तोंडं आहेत म्हणून मारतो. पोटात साठवून नेतो आणि पिल्लांपुढं ओकतो. आणि तुम्ही त्याचं मारलेलं उचलता, पुरता, म्हणून त्याला दुसरं मारावं लागतं. ते तिथंच राहू द्या. संध्याकाळी, नाहीतर पहाटे, तो उरलेलं खायला हमखास परत येतो. त्यावर त्याचं नि पिल्लांचं दोन-तीन दिवस भागतं, तेवढे दिवस तुमच्या जनावरांना धोका नाही. कालची मेंढी माळावर तशीच पडलेली असताना आज मोगरा गेली होती, हे बोलण्याच्या भरात माझ्या ध्यानातही आलं नाही.

सगळे गप्प होऊन ऐकत होते. शहरातला माणूस, खिशात पुरावा, आणि तोंडाला खळ नाही. रंगनाथनं मध्येच एकदा विचारलं, “परत येतो म्हंजी, नक्की?” मी म्हणालो, नक्की. त्यानं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. त्याला पटवलं या समाधानात मी आणखी एक चहा मागितला. तेवढ्यात बाबा आले आणि आम्ही निघालो. रंगनाथनं फावडं का ठेवलं हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पाचव्या दिवशी मी वाळवलेल्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलो आणि माळावर फिरकलो नाही.

सहावा दिवस

त्या दिवशी मला परत निघायचं होतं. सकाळी शेवटचं एकदा घर बघून येऊ म्हणून बाबांना घेऊन निघालो. आधी कावळे दिसले, गवतात पंख पसरून पडलेले. पुढं गावातलं एक कुत्रं. मग मोगराचं उरलेलं धड आणि त्याच्यापासून वीसेक पावलांवर लांडग्याची मादी, ओढ्यातल्या डबक्याकडे तोंड करून. पाण्यापर्यंत पोचली नव्हती.

नर बिळासमोरच पडला होता. त्याच्या तोंडापुढं ओकलेलं मांस होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी पिल्लं. शेतावर फवारायच्या औषधाचा तो वास मला ओळखू आला, उग्र, घशात बसणारा. बाबा खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं की घर कुणाला सांगितलं का. मी देवाशपथ नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, त्यांचा विश्वास होता माझ्यावर.

आत काहीतरी कण्हत होतं. बाबांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि काळपट कानांचं बारकं पिल्लू बाहेर काढलं. त्याला घास मिळाला नव्हता म्हणून ते जगलं होतं. बाबांनी ते घोंगडीत गुंडाळून खोपटात मावशींच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मग मला जीपपर्यंत सोडायला आले.

टपरीवर रंगनाथनं आम्हाला लांबूनच बघितलं. तो धावत आला, माझी पिशवी उचलली, बाक पुसला. चार माणसांसमोर माझा हात हातात घेऊन म्हणाला, “साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून जमलं. नायतर मी शेळी पुरलीच असती.” त्याच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. खरोखर आभार मानत होता तो माणूस. आता शेवंती सुखरूप राहील म्हणाला, आणि बाबांना व मला आलं घातलेला चहा आणून दिला.

बाबांनी कप हातात घेतला नाही. मला वाटलं शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जीप आली तेव्हा हळूच म्हणाले, “त्यो कवा खातो, कुठं परत येतो, पिल्लांला कसं चारतो, हे समदं आमालाबी ठावं हाय, साहेब. पण आमी ते गावात बोलत नाय.”

मी जीपमध्ये बसलो. पिल्लू जिवंत होतं, माझ्याकडे आणखी दोन दिवसांची रजा होती, आणि त्याला कसं भरवायचं हे त्या गावात पुस्तकातून वाचलेला मी एकटाच होतो. उतरायला हवं होतं. मी उतरलो नाही. रंगनाथला काय म्हणू? त्यानं माझंच ऐकलं होतं. मी सरळ पळून आलो.

आठ वर्षांनंतर

दोन हजार पाचमध्ये परत गेलो. टपरीच्या जागी टेलिफोन बूथ होता, रंगनाथ सिन्नरच्या कारखान्यात लागला होता. माळावर कांदा होता. ओढ्याच्या काठानं दोन तास हिंडलो, एकही विष्ठा सापडली नाही.

खोपटावर आता पत्रा होता. बाबा बाजेवर बसलेले, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं आणि बसा म्हणाले. मी स्टीलची गाळणी काढून मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, हसल्या आणि चहा ठेवला. मग मी विचारलं, त्या पिल्लाचं काय झालं.

मावशी चुलीकडे बघत सांगत होत्या. बोळ्यानं मेंढीचं दूध पाजलं, ते घेईना. बाबांनी काळीज बारीक चिरून दिलं, त्याचा वास घेऊन तोंड फिरवायचं. पण कुणी जवळ गेलं की ओठ चाटायला धडपडायचं. दुसऱ्या दिवशी मावशींना उमगलं ते काय मागतंय. त्यांनी गळ्यातली माळ काढून मेढीच्या, म्हणजे खोपटाच्या खांबाच्या, खुंटीला अडकवली, काळजाचा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि तोंडानंच त्याच्यापुढं टाकला. मग खाल्लं त्यानं. असं नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी ते मांडीवरच गार झालं होतं.

मावशींनी नव्या गाळणीतून चहा गाळून कप माझ्यापुढं सरकवला. तेव्हा मला त्यांचा गळा दिसला, आणि मागं मेढीच्या खुंटीला धुरानं काळी पडलेली तुळशीची माळ दिसली.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पदर गळ्यापर्यंत ओढून घेत त्या म्हणाल्या, “जगलं आसतं, तर परत घातली आसती.”